मुलींचं कॉलेज बोलिंग (अमेरिका): विद्यापीठाच्या क्रीडा विभागात याला नक्की काय स्थान आहे?

रेवती_एडिसन

नमस्कार मंडळी. लेक न्यू जर्सीतल्या पब्लिक हायस्कूलच्या मुलींच्या टेनपिन बोलिंग टीममध्ये आहे, सध्या दहावीत. शाळेच्या मोसमातला दर गेमचा अ‍ॅव्हरेज (३०० पैकी) १९२. कॉलेजमध्ये खेळायचं तिच्या मनात पक्कं आहे. आमच्या ओळखीत टेनिस आणि पोहणं करणारी मुलं आहेत, त्यांचा मार्ग सगळ्यांना ठाऊक असतो. बोलिंगबद्दल विचारलं की "तो क्लब असेल" एवढंच उत्तर येतं. म्हणून इथल्या जाणकारांना विचारते.

विद्यापीठात मुलींचं बोलिंग खरोखर व्हार्सिटी (विद्यापीठाचा अधिकृत) खेळ आहे की विद्यार्थ्यांनी चालवलेला क्लब? स्कॉलरशिप मिळते का, आणि मिळाली तर किती? कोच काय बघून मुली निवडतात, नुसता अ‍ॅव्हरेज पुरतो का? आणि हे मुलींसाठीच का? तिचा धाकटा भाऊही खेळतो, त्याला एनसीएएमध्ये (कॉलेज खेळ चालवणाऱ्या मुख्य संघटनेत) काहीच दिसत नाही.

---

चौथा_बाण

रेवतीताई, दोन्ही आहे, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

एनसीएएमध्ये महिलांचं बोलिंग पूर्ण दर्जाचा व्हार्सिटी खेळ आहे. आधी ते महिलांच्या 'उदयोन्मुख खेळां'च्या यादीत होतं. त्या यादीतून बाहेर पडून स्वतःची राष्ट्रीय स्पर्धा मिळवायला किमान ४० संस्थांनी तो खेळ व्हार्सिटी म्हणून चालवावा लागतो. बोलिंगने तो टप्पा गाठला आणि पहिली एनसीएए स्पर्धा एप्रिल २००४ मध्ये ह्यूस्टनला झाली. नेब्रास्का जिंकली. डिव्हिजन एक, दोन आणि तीन (एनसीएएचे तीन स्तर) यांची वेगवेगळी अजिंक्यपदं इथे नाहीत. तिन्ही एकाच चषकासाठी खेळतात. त्यामुळे इलिनॉयमधलं मॅकेंड्रीसारखं डिव्हिजन दोनचं छोटं विद्यापीठ २०१७ आणि २०२२ मध्ये मोठमोठ्यांना हरवून विजेतं ठरलं. फुटबॉल-बास्केटबॉलमध्ये हे कधी घडणार नाही.

या खेळाला व्हार्सिटीपर्यंत आणण्यात ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठांचा (वंशभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या) वाटा फार मोठा आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. मिड-ईस्टर्न, सेंट्रल इंटरकॉलेजिएट, साउथवेस्टर्न या त्यांच्या कॉन्फरन्सेसनी मुलींचं बोलिंग तेव्हा उचलून धरलं जेव्हा मोठी नावं त्याकडे बघतही नव्हती. २००८ मध्ये मेरीलँड ईस्टर्न शोअर जिंकली, तेव्हा बोलिंगचं एनसीएए अजिंक्यपद मिळवणारं ते पहिलं कृष्णवर्णीय विद्यापीठ ठरलं. पुढे २०११ आणि २०१२ लाही तेच. व्हँडरबिल्टचंही असंच: २००७ चं बोलिंगचं अजिंक्यपद हे त्या विद्यापीठाच्या इतिहासातलं कुठल्याही खेळातलं पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद होतं, आणि तेव्हा त्यांचा संघ जेमतेम तीन मोसम जुना होता.

तुमच्या घराजवळचं उदाहरण म्हणजे टीनेकचं फेअरली डिकिन्सन. २००६ आणि २०१० चे विजेते. न्यू जर्सीतल्या मुलीने ते यादीत ठेवलंच पाहिजे.

दुसरा रस्ता यूएसबीसी (अमेरिकेतली बोलिंगची राष्ट्रीय संघटना) कॉलेजिएटचा. त्यात मुलगे-मुली दोन्ही खेळतात, अनेक संघ क्लब म्हणून चालतात, आणि क्लब म्हणजे कच्चा खेळ असं अजिबात नाही. विचिटा स्टेट कित्येक दशकं याच रस्त्याने देशातलं सर्वांत दबदब्याचं नाव होतं. त्यांनी महिला संघ २०२४-२५ पासून एनसीएएत नेला. धाकट्यासाठी हाच मार्ग, शिवाय एनएआयए (लहान कॉलेजांची क्रीडा संघटना) आणि ज्युनियर कॉलेजची एनजेसीएए. तिथे मुलग्यांनाही व्हार्सिटी बोलिंग आहे.

---

पॉकेट_साडेसतरा

वरच्या उत्तरात इतिहास आला, मी खेळाच्या बाजूने लिहितो. शाळेतल्या मुलींची फसगत इथेच होते. १९२ हा आकडा कोणत्या लेनवरचा, हे कळल्याशिवाय कोचला त्याचा काही उपयोग नाही.

लेन फाउल लाइनपासून (जिच्या अलीकडून बॉल सोडतात) हेड पिनपर्यंत (सर्वांत पुढची पिन) ६० फूट, रुंदी साडेएक्केचाळीस इंच, म्हणजे ३९ पट्ट्या. तिच्यावर तेल लावलेलं असतं. शाळेच्या आणि लीगच्या सामन्यांत बहुतेक वेळा बोलिंग सेंटरचा रोजचा, म्हणजे 'घरचा' पॅटर्न (तेलाची मांडणी) असतो: मध्ये भरपूर तेल, दोन्ही कडांना जवळपास कोरडं. मधल्या आणि कडेच्या तेलाचं प्रमाण १०:१ किंवा त्याहून जास्त. उजव्या हाताच्या मुलीचा बॉल थोडा बाहेर गेला तर कोरडा भाग त्याला परत वळवतो. आत गेला तर तेल त्याला धरून ठेवतं. दोन्हीकडची चूक माफ होते. कॉलेजच्या स्पर्धांत पॅटर्न सपाट असतात, म्हणजे तेल सगळीकडे बरंच सारखं, साधारण ३:१ च्या आत. तिथे बाहेर गेलेला बॉल परत येत नाही आणि आत गेलेला थेट हेड पिनच्या तोंडावर आदळून स्प्लिट (एकमेकींपासून दूर उरलेल्या पिना) ठेवतो. घरच्या पॅटर्नवरचा १९२ तिथे १७० वर, कधी त्याहीखाली येतो. तिचं कौशल्य तेवढंच असतं, फक्त लेन आता मदत करत नाही.

आता स्वरूप. कॉलेजमध्ये एकटीच्या दहा फ्रेमचा (दहा पाळ्यांचा) गेम हा सामन्याचा फक्त एक भाग. खरा कणा बेकर. पाच मुली मिळून एकच गेम टाकतात: पहिली मुलगी फ्रेम १ आणि ६, दुसरी २ आणि ७, तिसरी ३ आणि ८, चौथी ४ आणि ९, पाचवी म्हणजे अँकर ५ आणि १०. मोसमातल्या शनिवार-रविवारच्या स्पर्धांची घडण बहुधा अशी: एका दिवशी पारंपरिक सामने (पाचही जणी पूर्ण गेम टाकतात, पिनांची बेरीज), दुसऱ्या दिवशी पाच-पाच बेकर गेमांच्या बेरजेचे सामने, आणि शेवटी बाद फेरी, जिच्यात सातपैकी चार बेकर गेम आधी जिंकणारा पुढे. एनसीएएचा अंतिम सामनाही सातपैकी चार बेकरचाच.

यात दडलेली गोष्ट बघा. फ्रेमा दोन लेनवर आलटून पालटून टाकतात. म्हणजे पहिल्या मुलीची १ नंबरची फ्रेम डाव्या लेनवर असेल तर ६ नंबरची उजव्या. एका गेममध्ये प्रत्येक लेनवर तिला एकच फ्रेम! लीगमध्ये 'दोन बॉल टाकून अंदाज घेऊ' चालतं, इथे अंदाज घ्यायला बॉलच नाही. माहिती येते ती आधीच्या चौघींच्या बॉलवरून: कुठे वळला, पिनवर आदळताना जोर उरला होता का, तेल पुढे ओढलं जातंय की बाहेरची बाजू सुकत चाललीय. म्हणून कोच अशी मुलगी शोधतात जी टाकून आल्यावर नेमकं सांगू शकते: "दहाव्या पट्टीवरून टाकला, लवकर वळला, दोन पट्ट्या डावीकडे सरक." "मस्त होता" किंवा "निसटला" एवढं सांगून पुढच्या मुलीच्या हाती काहीच पडत नाही.

स्पेअरबद्दल (पहिल्या बॉलनंतर उरलेल्या पिना दुसऱ्या बॉलने पाडणं) गणितच मांडतो. प्रत्येक फ्रेममध्ये नऊ आणि स्पेअर असा पूर्ण गेम १९० चा होतो. त्यातली एक स्पेअर चुकली की त्या फ्रेमचे १९ चे (दहा पिना अधिक पुढच्या बॉलच्या नऊ) ९ होतात, दहा पिन गेल्या. आधीची फ्रेम स्ट्राइक (पहिल्याच बॉलला दहाही पिना) असेल तर तिचाही एक जातो, म्हणजे अकरा. सातपैकी चारच्या लढतीत कित्येक गेम दहाच्या आतल्या फरकाने ठरतात. एका मुलीने एक एकटी पिन सोडली की चौघींचा गेम गेला. त्यामुळे २१० अ‍ॅव्हरेज पण एकट्या पिनवर दहातले तीन सोडणारी मुलगी आणि १९५ अ‍ॅव्हरेज पण एकटी पिन जवळजवळ न सोडणारी मुलगी यांच्यात बहुतेक कोच दुसरीला घेतात. माझ्या मते ते बरोबरच आहे. जोर आणि फिरकी चार वर्षांत वाढवता येते, स्पेअरचा निष्काळजीपणा अठराव्या वर्षी घालवणं फार अवघड.

---

रेवती_एडिसन

खूप आभार. नेमकं विचारते. तिच्याकडे एकच बॉल आहे, १४ पौंडी रिअ‍ॅक्टिव्ह. स्ट्राइकलाही तोच, स्पेअरलाही तोच. दहा नंबरची पिन सर्वांत जास्त सुटते. उजव्या हाताने खेळते. आणि लांब सरावानंतर मनगटाच्या आतल्या बाजूला दुखतं म्हणते.

---

पॉकेट_साडेसतरा

मग दहाची पिन सुटण्याचं निम्मं कारण तुम्हीच लिहिलंत. रिअ‍ॅक्टिव्ह बॉल कोरड्या लेनला पकडतो आणि दहाची पिन बरोबर उजव्या कडेला, कोरड्या भागात उभी असते. बॉल पिनपर्यंत पोचण्याआधी डावीकडे वळून पुढून निघून जातो. त्या भीतीने मुली जास्त बाहेर टाकतात आणि मग गटर.

साध्या पॉलिएस्टरचा, ज्याला सगळे प्लास्टिक बॉल म्हणतात, तो घ्या. तोही १४ पौंडाचाच, त्याच मापाने छिद्रं पाडून. किंमत साधारण ७० ते १०० डॉलर, ड्रिलिंग वेगळं. दहासाठी लेनच्या डाव्या बाजूला उभं राहून, लेनवर काढलेल्या चौथ्या बाणाच्या आसपासून तिरका, मनगट सरळ ठेवून, अजिबात न फिरवता. शाळेत ३-६-९ शिकवतात (लक्ष्य तेच ठेवून ३ नंबरच्या पिनला तीन पट्ट्या डावीकडे सरकायचं, ६ ला सहा, १० ला नऊ). ते घरच्या पॅटर्नवर बरं चालतं, सपाट पॅटर्नवर दहाच्या पिनला दगा देतं, कारण त्यात बॉलचं वळण दर वेळी सारखं असेल असं गृहीत धरलेलं आहे.

सरावासाठी एकट्या पिना मांडून मिळत नाहीत ही नेहमीची तक्रार. गरजच नाही. पूर्ण दहा पिना उभ्या असतानाच पहिल्या बॉलने फक्त दहाची पाडायची, दुसऱ्याने फक्त सातची. गटरमध्ये गेला तर तो बॉल वाया गेला. असा पूर्ण गेम टाकून स्कोअर जितका कमी तितकं चांगलं. आठवड्यातले निदान दोन गेम असेच जाऊ द्या. कंटाळवाणं आहे खरं, पण कॉलेजच्या सरावातही हेच करायचं आहे.

मनगटाचं: आधी बॉलचं माप तपासून घ्या. दहावीतल्या मुलीचा हात अजून वाढत असतो. अंगठा आणि बोटांच्या छिद्रांतलं अंतर चुकीचं असलं, किंवा अंगठ्याचं छिद्र सैल असलं, की हात बॉल आवळून धरतो आणि त्याचा ताण मनगटावर व कोपरापर्यंत येतो. सैल असेल तर आत टेपचे तुकडे लावतात. खेळता खेळता अंगठा सुजतो, तसे एकेक काढायचे. चांगल्या प्रो-शॉपमध्ये माप घ्यायला पाचच मिनिटं लागतात. माप बरोबर असूनही दुखलं तर मात्र डॉक्टर, आणि तोवर विश्रांती.

सपाट पॅटर्नचा अनुभव याच वर्षी सुरू करा. जवळपास यूथची स्पोर्ट लीग असेल तर उत्तम. जुलैमधली ज्युनियर गोल्ड स्पर्धा याच प्रकारच्या पॅटर्नवर होते आणि कॉलेजचे कोच तिथे मुली बघायला येतात. पॅटर्नची लांबी कळली की पहिला अंदाज साधा: लांबीतून ३१ वजा करा. ४० फुटी पॅटर्न असेल तर बॉल तेलातून बाहेर पडताना नवव्या पट्टीच्या आसपास हवा. हा सुरुवातीचा अंदाज, पुढे डोळे उघडे ठेवून बदलायचा. बॉल पॉकेटऐवजी (हेड पिन आणि ३ नंबरच्या पिनमधली फट) हेड पिनच्या तोंडावर लागायला लागला की पाय दोन पट्ट्या डावीकडे, नजर एक.

---

हिशोब_पक्का

पैसे आणि पात्रतेबद्दल मी सांगते, कारण इथे अफवा फार असतात.

डिव्हिजन एक आणि दोनमध्ये महिला बोलिंगसाठी वर्षानुवर्षं संघामागे पाच स्कॉलरशिपची मर्यादा राहिली, आणि त्या तुकडे करून वाटता येणाऱ्या. आठ-दहा मुलींत पाच पूर्ण स्कॉलरशिपइतके पैसे वाटले की बहुतेकींच्या वाट्याला अर्धी किंवा त्याहून कमी. आणि पाच ही कमाल होती. पुष्कळ संस्था तेवढे पैसे देतच नव्हत्या. २०२५-२६ पासून न्यायालयीन तडजोडीनंतर जी डिव्हिजन एकची विद्यापीठं नव्या व्यवस्थेत सामील झाली त्यांच्यासाठी स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि संघातल्या खेळाडूंची मर्यादा आली, बोलिंगला ११. कागदावर अकराही जणींना पूर्ण देता येईल. प्रत्यक्षात बोलिंगला किती पैसे ठेवलेत हे त्या त्या विद्यापीठावर. डिव्हिजन तीनमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नाहीच, पण गुणांवरची आणि गरजेवरची मदत असते, आणि चांगले मार्क असलेल्या मुलीला कधी कधी तीच रक्कम मोठी ठरते. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा, नुसतं "अ‍ॅथलेटिक" शब्दाला भुलू नका.

पात्रता: एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरमध्ये खातं उघडा. १६ कोअर (मुख्य शैक्षणिक) विषय लागतात. त्या विषयांचा जीपीए (गुणांची सरासरी) डिव्हिजन एकसाठी किमान २.३, दोनसाठी २.२. डिव्हिजन एकसाठी १६ पैकी १० विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण झालेले हवेत, आणि त्यांतले मार्क नंतर सुधारून घेता येत नाहीत. एसएटीची अट पात्रतेसाठी आता नाही. विद्यापीठ प्रवेशासाठी मागत असेल तर वेगळं. शाळेच्या काउन्सेलरकडून कोणते विषय कोअर धरले जातात त्याची यादी आत्ताच घ्या, अकरावीच्या शेवटी नको.

कोचकडून थेट संपर्क दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून येऊ शकतो. पण तुमच्या मुलीने कोचना ईमेल करायला कधीच बंदी नाही. ईमेल मुलीने स्वतः लिहावी, आईवडिलांनी नाही. त्यात: पदवीचं वर्ष, जीपीए, अ‍ॅव्हरेज *आणि तो कोणत्या पॅटर्नवरचा*, मागून आणि बाजूने घेतलेला न कापलेला व्हिडिओ. दहा स्ट्राइक जोडून बनवलेली चित्रफीत कोच बघत नाहीत; एका पूर्ण गेमचा व्हिडिओ, सुटलेल्या स्पेअरसकट, बघतात.

यूथ स्पर्धांत जिंकलेली रक्कम यूएसबीसीच्या स्मार्ट खात्यात स्कॉलरशिप म्हणून जमा होते, ती तशीच राहू द्या. रोख बक्षीस हातात घेण्याआधी एलिजिबिलिटी सेंटरला विचारा.

---

नदीकाठ_लिंकन

स्थानाबद्दल थोडी कमी गोड बाजूही सांगतो, कारण प्रश्न तोच होता.

बोलिंग विद्यापीठांना परवडतं. संघ लहान, स्वतःची इमारत लागत नाही, जवळच्या सेंटरमध्ये लेन भाड्याने घेता येतात, प्रवास व्हॅनने. डिव्हिजन एकमध्ये राहायला किमान १४ खेळ चालवावे लागतात (मोठ्या फुटबॉलवाल्यांना १६), त्यांत महिलांच्या खेळांची किमान संख्या ठरलेली. ती संख्या गाठायला बोलिंग हा कमी खर्चाचा मार्ग आहे. पण १९७२ च्या टायटल नाइनखाली (शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी करणारा कायदा) जेव्हा मुली-मुलग्यांच्या *खेळाडूंचं* प्रमाण मोजतात, तेव्हा आठ-दहा मुलींचा संघ फारसा तराजू हलवत नाही. महिलांचं रोइंग साठ-साठ मुली घेतं. म्हणून ज्या विद्यापीठाने केवळ संख्या भरायला बोलिंग घेतलंय तिथे ते ताणाच्या काळात सुरक्षित नसतं. ज्यांनी मनापासून चालवलंय तिथली गोष्ट वेगळी. नेब्रास्काची सहा एनसीएए अजिंक्यपदं आहेत, तिथे बोलिंग ही विद्यापीठाची शान आहे.

चांगला कोच आणि पैसे एकत्र आले की इथे किती लवकर वर जाता येतं तेही बघा. जॅक्सनव्हिल स्टेटने संघ २०२३-२४ मध्ये सुरू केला, मॅकेंड्रीहून शॅनन ओ'कीफना कोच म्हणून आणलं आणि त्याच पहिल्या मोसमात अजिंक्यपद मिळवलं. २०२५ मध्ये यंग्जटाउन स्टेट. नवा संघ म्हणून यादीतून काढू नका, पण कोच किती वर्षांच्या करारावर आहे ते विचारा.

---

कोथरूडची_मुग्धा

मध्येच विचारते. भारतातून थेट जाणाऱ्या मुलीला ही स्कॉलरशिप मिळू शकते का?

---

हिशोब_पक्का

मिळू शकते, विद्यार्थी व्हिसावर खेळणाऱ्या परदेशी मुली अनेक संघांत असतात. अडचणी दोन. दहावी-बारावीच्या मार्कशीट एलिजिबिलिटी सेंटरकडून तपासून घ्यायला वेळ लागतो, किमान एक वर्ष आधी सुरुवात करा. आणि मॉलमधल्या करमणुकीच्या लेनवरचा स्कोअर कोच धरत नाहीत. राज्य-राष्ट्रीय स्पर्धांतले निकाल आणि व्हिडिओ लागतात. खेळाडू म्हणून जाहिरातींतून मिळणाऱ्या पैशांना विद्यार्थी व्हिसावर हात लावण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाशी बोला, तिथे व्हिसाच धोक्यात येऊ शकतो.

---

चौथा_बाण

रेवतीताई, कॅम्पस बघायला जाल तेव्हा कोचला विचारायचे प्रश्न देतो.

सराव कुठे होतो आणि त्या लेनवर तेलाचा पॅटर्न कोण ठरवतं? सेंटरच्या वेळापत्रकात संघाला दुपारी मिळालेल्या लेन रोजच्या पॅटर्नच्याच असतील, तर चार वर्षं सराव चुकीच्या लेनवर होईल. स्वतःचं ऑइल मशीन किंवा सेंटरशी तसा करार असेल तर संघ गांभीर्याने चालवलाय असं समजा.

बॉल कोण देतं, ड्रिलिंगचे पैसे कोण भरतं? कॉलेजच्या मुलीला सहाच्या आसपास बॉल लागतात आणि ते दरवर्षी थोडे बदलतात. विमानाने जायचं तर १५ पौंडाचे तीन बॉलच ४५ पौंड होतात, बॅगेचं वजन धरलं की ५० ची मर्यादा ओलांडली; हा खर्च संघाचा की मुलीचा?

मोसम ऑक्टोबर ते एप्रिल. किती शुक्रवार बुडतात आणि प्रयोगशाळा असलेले विषय घेणाऱ्या मुली ते कसं सांभाळतात? इंजिनिअरिंग किंवा प्री-मेड मनात असेल तर हा प्रश्न संघातल्या मुलींनाच विचारा, कोच बाजूला असताना नको.

गेल्या वर्षी दहा मुलींपैकी किती जणी स्पर्धांना गेल्या आणि किती जणी घरी राहिल्या? शेवटचं: पहिल्या वर्षी किती स्कॉलरशिप, आणि ती पुढच्या वर्षी कमी होऊ शकते का? उत्तर लेखी मागा. ज्यांना द्यायची आहे ते देतात.